मदत हवी आहे: मागची दारं काढून उडणारं पॅकेट विमान

नमस्कार मंडळी,

माझे वडील (आम्ही अण्णा म्हणतो) सैन्याच्या एएससीत, म्हणजे रसद पुरवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होते. सत्तरच्या दशकात चंडीगडहून लडाखच्या चौक्यांना रसद टाकायला पॅकेट ही मालवाहू विमानं जायची, त्यांत ते इजेक्शन क्रूमध्ये असत. हिरवा दिवा लागला की पिठाची पोती, डाळ, रॉकेलचे जेरीकॅन मागून ढकलायचे, हे काम. आता ते ७७ वर्षांचे आहेत. दिवाळीपासून मी त्यांच्या आठवणी उतरवून घेतोय आणि एका जागी अडलोय.

अण्णा सांगतात, "मागची दारं चंडीगडलाच काढून ठेवायचे. आम्ही कमरेला पट्टा बांधून शेपटाकडे तोंड करून बसायचो. खाली नुसता बर्फ. परत येईस्तोवर बोटं वळायची नाहीत, पोळीचा घास दुसऱ्यानं भरवावा लागायचा."

त्यांचे सोबती, सुभेदार काका, मात्र म्हणतात की अख्खी दारं फक्त मोठा बोजा टाकायचा असेल तेव्हाच निघायची. एरवी त्या मोठ्या दारांत जी छत्रीधारी जवानांची लहान दारं होती, तेवढीच काढून पोती टाकायचे. दोघंही तिथे होते, दोघंही ठाम आहेत.

मी स्वतः मुंबईत प्रवासी विमानांच्या देखभालीत आहे, म्हणून हा प्रश्न मला जास्तच छळतोय. गेल्या पावसाळ्यात पहाटे तीनला एका विमानाच्या पोटाखालचं हातभर लांबीचं पॅनेल गायब निघालं. टॉर्च धरून त्या उघड्या चौकोनाच्या कडेवरून बोट फिरवलं, स्क्रूची भोकं मोजली आणि पाऊण तास सीडीएल (कॉन्फिगरेशन डिव्हिएशन लिस्ट) उघडून बसलो. ही यादी फ्लाइट मॅन्युअललाच जोडलेली असते. कुठलं फेअरिंग, कुठलं झाकण, कुठलं सील नसताना विमान सोडता येतं आणि त्यापायी उड्डाणाचं वजन किती कमी धरायचं किंवा इंधन किती जास्त, हे तिच्यात असतं. (एमईएल वेगळी. ती बिघडलेल्या उपकरणांची, सीडीएल नसलेल्या भागांची. नवीन मुलं हमखास गोंधळतात.) भागाचं नाव यादीत नसेल तर विमान हलत नाही. एका पॅनेलसाठी आमचा एवढा जीव जातो, आणि इथे अख्खी दारं!

आतापर्यंत हाती लागलेलं असं. पॅकेटची, म्हणजे सी-११९ ची, शिंपल्यासारखी मागची दारं हवेत उघडत नसत. अवजड सामान टाकायचं तर ती जमिनीवरच उतरवून निघावं लागे. डिसेंबर १९५० मध्ये कोरियात चोसिनहून माघार घेणाऱ्या अमेरिकन फौजेसाठी पुलाचे टनाहून जड असे आठ तुकडे याच विमानांनी छत्र्यांवर टाकले, ते असेच. हवेत उघडणारी शेपूट पुढे 'जे' प्रकारात आली. आपल्याकडची विमानं 'जी' प्रकारची.

पण कोरियात सामान टाकणं वेगळं आणि लडाख वेगळं. २३ जुलै १९६२ ला स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट दौलत बेग ओल्डीला उतरवलं, सुमारे १६,६०० फुटांवर. तिथली हवा एवढी विरळ की आपल्या पॅकेटांच्या पाठीवर जादा जेट इंजिन चढवावं लागलं. मागून उघडं खोकं घेऊन त्याच डोंगरांवरून जायचं म्हणजे हवेची मागे खेचणारी ओढ वाढणार, शेपूट थरथरणार, आणि दोन मुख्य इंजिनांपैकी एक बंद पडलं तर उंची टिकवणं अवघड.

म्हणून १२, १९ किंवा ४८ स्क्वाड्रनमध्ये पॅकेटवर काम केलेलं कुणी घरात वा ओळखीत असेल तर कृपया विचारा. नेहमीच्या रसदफेरीत अख्खी दारं काढत होते की फक्त आतली लहान? काढली असतील तर वेगाची मर्यादा किती घालून दिली होती, आणि बोजा किती कमी करत? एफ-७०० मध्ये (विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत) त्याची नोंद होई, की ते विमानाचं नेहमीचंच रूप धरलं जाई? काढलेली दारं ठेवत कुठे, हेही कळलं तर हवंय. अण्णांना लाकडी घोडे (दारं टेकवायचे स्टँड) आठवतात, नक्की नाही.

त्या काळातला मागच्या बाजूने घेतलेला एखादा फोटो कुणाकडे असेल तर फार उपकार होतील. अण्णांचे कान त्या इंजिनांच्या आवाजाने गेलेत, पण नजर अजून चांगली आहे. फोटो समोर धरला तर ते लगेच सांगतील.