ओहमचा नियम : आलेख सरळ येत नाही, वहीत काय लिहू?

नववी_ब
धाराविद्युत पाठातला ओहमच्या नियमाचा प्रयोग केला आहे. निक्रोमची तार मिळाली नाही म्हणून तिच्या जागी 6 व्होल्टचा टॉर्चचा बल्ब जोडला. अॅमीटर 0 ते 500 मिलिअँपिअरचा, त्याचा लघुत्तम माप (एका बारीक रेघेचं मोल) 10. एकेक सेल वाढवत घेतलेली मापं:
1 सेल: 1.4 व्होल्ट, 130 मिलिअँपिअर
2 सेल: 2.8 व्होल्ट, 190
3 सेल: 4.1 व्होल्ट, 240
4 सेल: 5.4 व्होल्ट, 280
व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध 10.8, 14.7, 17.1, 19.3 ओहम येतो. तो तर स्थिर यायला हवा ना? आलेख वर जाता जाता आडवा होत चाललाय. जोडणी दोनदा तपासली.
दुसरं म्हणजे, वर्गातल्या बहुतेक वह्यांत रोध सगळीकडे एकसारखा आहे आणि खाली "नियम सिद्ध झाला" हे वाक्य मापं घेण्याआधीच लिहिलेलं. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर प्रयोग करून आपण नेमकं शिकतो काय? माझी मापं खोडू का?

काटा_शून्यावर
खोडू नकोस. मापं चोख आहेत, फक्त ती ओहमच्या नियमाची नाहीत, बल्बच्या तारेतल्या टंगस्टन धातूची आहेत.
नियमाचं पहिलं अर्धं वाक्य सगळे घाईत वाचतात: वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना (धारा व्होल्टच्या प्रमाणात वाढते). अवस्थेत तापमानही आलं. बल्बची तार पूर्ण उजेडावर दोन हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि तापलेल्या टंगस्टनचा रोध थंड असतानाच्या सुमारे दसपट होतो. एका सेलवर तुझा बल्ब नुसता लालसर दिसला असेल, चारवर पांढरट. म्हणजे दर मापाला तू वेगळ्याच अवस्थेतला वाहक मोजलास.
खात्री करायची असेल तर बल्ब सर्किटमधून काढ, पाच मिनिटं थंड होऊ दे आणि मल्टिमीटर 200 ओहमवर ठेवून मोज. आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून वायरींचाच रोध बघ (0.3 ते 0.5 दाखवेल) आणि तो वजा कर. उत्तर दोनेक ओहम यावं.

तारवाला
निक्रोम कॉइल गुंडाळणाऱ्या किंवा इस्त्री-गिझर दुरुस्त करणाऱ्या दुकानात सुटी मिळते. 0.3 मिलिमीटर जाडीची माग. तिचा रोध मीटरला साधारण 15 ते 16 ओहम, अर्धा मीटर पुरे.
लाकडी पट्टीवर दोन खिळे ठोकून तार ताणून बसव. वेटोळं केलंस तर वेढे एकमेकांना चिकटतात, धारा मधूनच पळते आणि रोध कमी येतो. डाग द्यायच्या नादाला लागू नकोस, साधं कथील निक्रोमला धरत नाही. स्क्रूचा कनेक्टर किंवा मगरचिमटा वापर आणि टोकं आधी पॉलिश पेपरने घासून घे. निम्मे घोटाळे तिथेच होतात.

काटा_शून्यावर
अर्धा मीटर नको. म्हणजे पावणेआठ ओहम, आणि चार सेलवर 600 मिलिअँपिअरच्या वर धारा. हिचा अॅमीटर 500 चा आहे, काटा टोकाला जाऊन आपटेल. पूर्ण एक मीटर घे, म्हणजे चार सेलवर 350 च्या आसपास राहील. पट्टी लहान असेल तर खिळ्यांवरून नागमोडी ने, तार कुठेही एकमेकींना शिवू देऊ नकोस.

तारवाला
बरोबर, अॅमीटर किती मापाचा ते पाहिलं नव्हतं.

प्रयोगवही
तार बदलूनही चार आकडे तंतोतंत सारखे येणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. व्होल्टमीटरचा लघुत्तम माप 0.1 धरला तर 1.4 म्हणजे 1.35 ते 1.45 मधलं काहीही, आणि एक मीटर तारेतून एका सेलवर येतील ते 90 मिलिअँपिअर म्हणजे 85 ते 95. त्यावरून पहिल्या मापाचा रोध 14.2 ते 17.1 ओहममध्ये कुठेही असू शकतो. चार सेलवर 5.4 व्होल्ट आणि 350 मिलिअँपिअर आले तर हीच पट्टी 15.1 ते 15.8 इतकी अरुंद होते. म्हणून ज्या वहीत चारही ठिकाणी 15.60 दिसतं तिथे मीटर नव्हे, कॅल्क्युलेटर चाललेला असतो.
कळ दोन-तीन सेकंदच दाब, वाचून झालं की सोड. यात तार तापत नाही आणि सेलही बसत नाहीत. जुने-नवे सेल एकत्र घालू नकोस. व्होल्टमीटर तारेच्या दोन टोकांना जोड, बॅटरीला नाही. नाहीतर सेलच्या डबीच्या स्प्रिंगा आणि कळ यांच्यातली घटही तारेच्या खात्यावर जाते. सुरू करण्याआधी दोन्ही काटे शून्यावर आहेत का बघ. नसतील तर तेवढा फरक प्रत्येक मापात धर.
सेलने स्वतः ओहमलाही छळलं होतं. रासायनिक सेलचा विद्युतदाब (व्होल्ट) प्रयोग चालू असतानाच उतरायचा. भौतिकशास्त्रज्ञ पोगेन्डॉर्फने सुचवल्यावर ओहमने बिस्मथ आणि तांब्याचं तापयुग्म (दोन सांध्यांच्या तापमानातल्या फरकावर दाब देणारी जोडी) घेतलं, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. दोन्ही तापमानं हलत नाहीत, त्यामुळे दाबही हलेना. 1826 मधली त्याची चांगली मापं यातून आली.

परीक्षेपुरतं
हे सगळं ठीक, पण गुण वहीला मिळतात. अपेक्षित आलेख काढून मोकळी हो.

प्रयोगवही
तोंडी परीक्षेत "बल्ब लावला तर काय होईल?" असं विचारलं की हाच मार्ग अडकवतो. वहीत दोन्ही तक्ते दे. एकाच आलेख-कागदावर आडव्या अक्षावर व्होल्ट, उभ्यावर अँपिअर. तारेचे बिंदू पट्टीने जोडत जाऊ नकोस. सगळ्यांच्या मधून जाणारी एकच सरळ रेषा काढ आणि तिचा चढ मोज. तो 1/R असतो, R (रोध) नाही. बल्बच्या बिंदूंमधून हाताने वक्ररेषा. निष्कर्षात: तारेसाठी नियम या मर्यादेत पाळला गेला, बल्बचा रोध तापमानाबरोबर 10.8 वरून 19.3 ओहमवर गेला.

नववी_ब
तार आणते. बल्बचा आलेख शून्याजवळ मात्र जास्त उभा दिसायला हवा ना, थंड असताना रोध दोनच ओहम म्हटल्यावर?

काटा_शून्यावर
हो. बघायचं असेल तर तीच एक मीटर निक्रोम बल्बशी एकसरीत जोड आणि एकच सेल लाव. बल्बवर फार तर 0.2-0.3 व्होल्ट पडतील, तो पेटणार नाही. एवढा लहान दाब काट्याच्या मीटरवर वाचता येत नाही, मल्टिमीटर 2 व्होल्टवर ठेव. लाल वायर आधी धारेच्या भोकात असेल तर ती काढून व्होल्टच्या भोकात घाल.