हाइड पार्कातले एल्म वाचले ते व्यंगचित्रामुळे की २४ फुटांच्या मापामुळे?

पारंबी
१८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी लंडनच्या हाइड पार्कात इमारत उठणार होती. समितीचा पहिला आराखडा दीड कोटीच्या घरात विटांचा, वर २०० फूट व्यासाचा घुमट. जागेवर जुने एल्म वृक्ष उभे होते. तेव्हा ‘पंच’ साप्ताहिकाने, लाकूडतोड्याला विनवणाऱ्या एका लोकप्रिय गीताची ओळ फिरवून, ‘अल्बर्ट, ती झाडे राख’ असे व्यंगचित्र छापले. रोख थेट राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्यावर. माझ्या मते एल्म वाचले ते या टीकेमुळे. झाडांचा प्रश्न समितीच्या खोलीतून उठून घराघरात गेला.

खांबपट्टी
असहमत. विटांच्या जागी आलेला जोसेफ पॅक्स्टनचा लोखंड-काचेचा आराखडा ६ जुलै १८५० ला छापून आला, तेव्हा छप्पर सगळीकडे सपाट होते. मधल्या भागाची उंची ६४ फूट, म्हणजे मोठ्या एल्मना अपुरी. नंतर मधोमध १०८ फूट उंच कमानीचे आडवे दालन घातले आणि झाडे त्याच्या आत राहिली. हे जमले कारण सगळी इमारत २४ फुटांच्या चौकटीवर बेतली होती. दालनाची रुंदी ७२ फूट, म्हणजे बरोबर तीन चौकटी. त्यामुळे बाकीचे खांब आणि तुळया तशाच राहिल्या.

मुळांचेही पाहा. विटांच्या भिंतीला सलग चर खणावा लागतो आणि त्या चरात मुळे तुटतात. झाड लगेच पडत नाही, पण एका बाजूची मुळे गेली की वाऱ्यात आधार उरत नाही आणि शेंडा वाळू लागतो. ओतीव लोखंडी खांबाला फक्त त्याच्यापुरता काँक्रीटचा पाया लागतो. चित्र कितीही बोचरे असते, तरी विटांच्या आराखड्यात हे एल्म टिकले नसते.

पारंबी
पण कमान घालायची गरज कुणी निर्माण केली? झाडांवरून ओरड झाली नसती तर सपाट छप्परच राहिले असते. माप सोयीचे होते, हे मान्य. पण सोय आहे म्हणून कुणी आपणहून आराखडा बदलत नाही.

जुनीपाने
ओरडणारे कोण होते, तेही बघायला हवे. संसदेत सर्वात मोठा आवाज कर्नल सिबथॉर्पचा. हा गृहस्थ रेल्वेच्या विरोधात, १८३२ च्या मतदान सुधारणेच्या विरोधात आणि परदेशी माणसांच्याही विरोधात. झाडे त्याला प्रदर्शनच हाणून पाडायला हवी होती. म्हणून असे व्यंगचित्र पुरावा म्हणून वापरताना आधी तारीख पाहा: ते कोणत्या आराखड्यावर आहे? मग चित्रात कोण मोठा, कोण छोटा काढलाय ते पाहा. आणि त्याच साप्ताहिकाचे पुढचे अंक चाळा. ‘पंच’नेच पुढे या काचेच्या इमारतीचे ‘क्रिस्टल पॅलेस’ हे नाव रूढ केले. एकच चित्र हातात धरून ‘पंच’ला वृक्षरक्षक म्हणणे मला पटत नाही.

पारंबी
सिबथॉर्पचा हेतू खोटा असेलही, मागणी बरोबर होती. आणि व्यंगचित्र काय करू शकते, ते ३१ मार्च १९१८ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये दिसते. सेंट्रल पार्कच्या ‘सुधारणे’साठी आजवर सुचवलेल्या योजना एकाच नकाशावर काढून त्यांनी विचारले, या सगळ्या झाल्या असत्या तर उद्यानाचे काय झाले असते? ८४३ एकरांत एकेक योजना किरकोळ वाटते. सगळ्या शेजारी शेजारी काढल्या की हिरवे उरतच नाही. शब्दांत हे मांडायला पानेच्या पाने लागली असती.

खांबपट्टी
तो नकाशा ताकदीचा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण असा नकाशा गरजेची आणि बिनगरजेची योजना एकाच रंगाने रंगवतो. मेट्रोपॉलिटन संग्रहालय १८८० पासून त्याच उद्यानात आहे. तेही उद्यान गिळणाऱ्यांतच धरायचे का?

पारंबी
हो, मी धरेन. संग्रहालय उत्तम आहे, पण त्याने घेतलेली जमीन परत आली नाही. हाइड पार्कात मात्र उद्यान मोकळे करून देण्याची अट होती. प्रदर्शन १५ ऑक्टोबर १८५१ ला संपले, पुढच्या वर्षी इमारत सुटी करून हलवली आणि १८५४ मध्ये लंडनच्या दक्षिणेकडच्या सिडनमला ती पुन्हा उघडली.

खांबपट्टी
आणि ती सुटी करता आली, कारण ती विटांची नव्हती.