‘लुक आफ्टर’ म्हणजे मागनं बघणं? तुमची फजिती कुठं झाली?

सातारा, शिकवणीच्या बाई
राजवाड्याजवळ माझी इंग्रजीची शिकवणी आहे. परवा सातवीतल्या एका पोराला वाक्य दिलं, ‘माय ग्रँडफादर लुक्स आफ्टर द काऊज’. त्यानं लिहिलं, ‘आजोबा गायींच्या मागनं बघतात.’ हसू दाबत म्हटलं, अरे, सांभाळतात. तर म्हणतो, ‘बाई, तेच की! रोज मागनंच चालत असत्यात. मागनं बघितल्याशिवाय सांभाळणार कसं?’ मी गप्प.

लुक, गिव्ह, पुट, टर्न पोरांना दुसरीपासून येतात. पण मागं अप, ऑफ, आऊट लागलं की तीच क्रियापदं ओळख देत नाहीत. फ्रेझल व्हर्बच्या याद्या पाठ करून घेऊन मी दमले. फजिती झालेलं तेवढं डोक्यात राहतं, म्हणून तुमच्या फजित्या लिहा. पोरांना वाचून दाखवणार आहे, जपून!

मिरज, सध्या इंग्लंडात नर्स
मिरजेत नऊ वर्षं ऑपरेशन थिएटरच्या रिकव्हरीत काढली, मग इकडं आले. थ्रो अप म्हणजे उलटी, वेअर ऑफ म्हणजे भुलीचा अंमल उतरणं, एवढं परीक्षेसाठी घोकलं होतं. पहिल्याच आठवड्यात सिनियर सिस्टर डोकावून म्हणाली, ‘ही हॅज कम राऊंड’. आपल्याकडं राऊंड म्हटलं की मोठे डॉक्टर. मी चादरीच्या सुरकुत्या काढल्या, फाईल हातात घेतली आणि दाराशी ताठ उभी राहिले. कोणी येईना. शेवटी मागून पेशंटनंच पाणी मागितलं. तो शुद्धीवर आलाय, एवढंच ती सांगत होती.

‘पास आऊट’चं माझ्या भावाला विचारा. इथल्या मुलाखतीत त्यानं ऐटीत सांगितलं, ‘आय पास्ड आऊट इन २०१४’. आपल्याकडं कॉलेज संपलं की पास आऊट, इथं चक्कर येऊन पडलं की पास आऊट. समोरच्या बाईंनी काळजीनं विचारलं, आता बरं आहे ना?

कुपवाड एमआयडीसी
आमच्यात मशीन परदेशी, त्यावर नजर तिकडूनच. एका रात्रपाळीत मेल आला, ‘अलार्म वेंट ऑफ ॲट टू फिफ्टीन’. लाईट ऑफ, पंखा ऑफ, म्हणजे अलार्मही ऑफ! मी वहीत लिहिलं, ‘सव्वादोनला अलार्म बंद पडला.’ सकाळी मेंटेनन्सवाल्यांनी चांगला चालता भोंगा खोलून टेबलावर मांडला. भोंगा वाजला होता, तेल तापलं म्हणून. प्रेसच्या दणदणाटात आम्हालाच ऐकू आला नव्हता. आमचे फोरमन म्हणाले, ‘बंदुकीची गोळी सुटते ना, तसा अलार्म सुटला.’ तेव्हापासून बॉम्ब, फटाका, अलार्म, सगळ्याला ‘सुटला’ लावून बघतो. बसतंय. ‘मिल्क वेंट ऑफ’ला मात्र नाही बसत, तिथं दूध नासलेलं असतं.

सांगली, बातम्यांच्या टेबलावर
ऑगस्ट २०१९चा पूर. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर. रात्री इंग्रजीत ओळ आली की आणखी पाऊस ‘कॅनॉट बी रूल्ड आऊट’. नव्या पोरानं भाषांतर केलं, ‘पाऊस आता बाहेर गेला आहे.’ छपाईआधी सापडलं म्हणून बरं. मी दुरुस्त करून लिहिलं, ‘आणखी पावसाची शक्यता नाकारता येत नाही’. आणि मग जाणवलं, हे आपलं पेटंट वाक्यही त्याच रूल आऊटचं पोर!

वाई, संस्कृतचे निवृत्त शिक्षक
यात नवल काय? ‘हृ’ धातू एकच. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. उपसर्ग धातूचा अर्थ बळानं दुसरीकडे नेतो, असा श्लोकच आहे. आपलं पुढं लागतं, त्यांचं मागं लागतं, आणि वर ते सुटं हिंडतं. मराठीनं तरी कुठं सोडलंय? ‘मी बोलून बसलो’, यात बसलं कोण? ‘पोळी खाऊन टाक’ म्हटल्यावर कोणी ती टाकत नाही. बाई, ‘ईट अप’ला हेच सांगा. खाऊन टाक, वापरून टाक, जाळून टाक. ईट अप, यूज अप, बर्न अप. पोरांना टाकणं आधीच येतं.

कराड, बारावी
आजोबा, त्या सुट्या शेपटीनंच माझे मार्क खाल्ले. ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं. पण इट आलं की मध्येच बसवायचं, ‘टर्न इट ऑफ’. मी लिहिलं ‘टर्न ऑफ इट’. आणि लुक आफ्टर तर फोडायचंच नाही!

सातारा, एका कार्यालयातून
आम्ही मीटिंग पोस्टपोन करतो, पुट ऑफ करत बसत नाही. अलीकडं घ्यायची तर प्रीपोन. साहेब लोक त्याला ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणतात म्हणे. म्हणू देत.

सातारा, पेढेवाले
भाचीचा नवरा गोरा, पहिल्यांदाच आलेला. मराठी शिकतोय, शब्दकोश मोबाईलमध्ये. रात्री नऊला त्याला म्हटलं, ‘थांबा, दुकान वाढवतो, मग जेवायला जाऊ.’ त्यानं मोबाईल बघितला, मग शेजारचा बंद गाळा बघितला आणि खूश होऊन माझा हात हातात घेतला, ‘काँग्रॅच्युलेशन्स!’ मी शटर ओढलं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी देवळात म्हणालो, आता नारळ वाढवा. तो नारळ घेऊन तसाच उभा.