आजोबांचं ऑइल इंजिन जाम झालंय, कोणतं आहे ओळखता येईल का? आणि सोडवायचं कसं?

भोगावतीकाठ

नमस्कार मंडळी,

करवीर तालुक्यात नदीकाठाला आमची शेती. जुनं गुऱ्हाळघर पाडायला काढलंय. चिपाडाच्या ढिगाआड आजोबांचं इंजिन निघालं. लाईट यायच्या आधी आमच्याकडं हेच एक इंजिन होतं. दिवाळीनंतर चरकाला पट्टा चढायचा आणि उन्हाळ्यात हेच नदीवरच्या पंपाला जोडायचं. आबा (वडील) सांगतात, थंडीत पहाटे हँडल मारायला दोघं लागायचे. एक जण हँडल फिरवायचा, दुसरा, वेग आला की, सिलिंडरातला दाब मोकळा ठेवणारा लिव्हर सोडायचा. एकदा इंजिन लागलं की पार मळीपर्यंत ठोके ऐकू जायचे आणि गुळव्या त्यावरूनच काहिलीखाली जाळ लावायला सांगायचा.

आता वर्णन. एकच उभा सिलिंडर, दोन्ही बाजूंना आऱ्यांची जड फ्लायव्हील. पाटी गेलीय, रिव्हेटची भोकं तेवढी आहेत. हेडच्या बाजूला नळाच्या चाकीसारखी एक छोटी चाकी आहे, ती कशाची हे आबांनाही आठवत नाही. नोझलला (डिझेल फवारणाऱ्या तोटीला) जाड भिंतीची बारीक पाइप येते. डागडुजीच्या रंगाखाली जुना गडद हिरवा दिसतो. थंड करायला बाहेर पत्र्याची टाकी होती, तिच्या दोन पाइपा अजून आहेत.

फ्लायव्हील तसूभरही हलत नाही. एका मेकॅनिकनं बघून सांगितलं, आऱ्यात साखळी घाला आणि ट्रॅक्टरनं ओढा. मी नको म्हटलं. थोरल्या दादानं तोवर भंगारवाल्याला बोलावलंय, तो किलोवर भाव सांगतोय. दादाला थोपवायचं तर इंजिन फिरतंय हे दाखवावं लागेल. मदत करा.

जुना_फिटर

आधी ट्रॅक्टर लांब ठेवा. आरे बिडाचे असतात, बीड ओढ सोसत नाही, मोडतं. आणि ताण फक्त आऱ्यांवर नाही, शाफ्टच्या चावीवर आणि कनेक्टिंग रॉडवरही येतो.

ओळखीचं बोलू. हेडवर गोळ्यासारखा भाग आणि तो तापवायला दिव्याची जागा असती, तर ते हॉट बल्ब इंजिन. इंग्लंडात हॉर्नस्बीनं तसली १८९२ पासून विकली. सुरू करायच्या आधी स्टोव्हनं बल्ब तापवायचा, मग चाक फिरवायचं. तुमच्याकडं जाड पाइपेचं नोझल आहे, म्हणजे गार सुरू होणारं डिझेल.

ती चाकी म्हणजे माझ्या मते लिस्टर या इंग्रजी कंपनीच्या सीएस (कोल्ड स्टार्ट, म्हणजे गार सुरू होणाऱ्या) इंजिनाची खूण. हेडमध्ये एक छोटी जादा पोकळी असते. सुरू करताना चाकी आवळून ती बंद करायची, म्हणजे दाब वाढतो आणि गार इंजिनही पेट घेतं. लोड वाढला की चाकी उघडायची. ही इंजिनं १९३० च्या सुमारास आली. आधी ५ अश्वशक्ती मिनिटाला ६०० फेऱ्यांना, पुढं ६ अश्वशक्ती ६५० ला. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) साडेचार इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) साडेपाच निघाला तर शंका उरत नाही.

पण अस्सल इंग्रजी असेलच असं समजू नका. याच नमुन्यावर राजकोटला वर्षानुवर्षे इंजिनं बनली. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातही म्हादबा मेस्त्री या जुन्या कारागिराच्या पिढीपासून ऑइल इंजिनं ओतली गेली. क्रँककेसच्या (खालच्या तेलाच्या पेटीच्या) दारावर ओतीव अक्षरं आहेत का बघा. नक्कल निघाली तर खरं म्हणजे आनंदच, सुटे भाग मिळतात.

चुलव्या

सायलेन्सरचा पाइप कौलातून वर उघडा सोडला होता का? असेल तर कारण तेच. आपल्याकडच्या पावसाचं पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून थेट सिलिंडरात उतरतं, पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) गंजून चिकटतात.

आमच्याकडं असंच सोडवलं होतं: नोझल आणि हेड काढा. पिस्टनवरचा गंज खरवडून पुसा, मग डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल मिसळून ओता. रोज बघा, खाली झिरपलं की पुन्हा भरा. लायनरच्या वरच्या मोकळ्या भागाला गंजाचा कठडा असेल तर तो बारीक पॉलिश पेपरनं आधी घालवा, नाहीतर पिस्टन वर येताना तिथंच अडकेल. मग बाभळीचा ठोकळा पिस्टनवर ठेवून घणानं हलके, सारखे ठोके. जोर नाही, सबुरी. एका बाजूला केसभर हलला की फ्लायव्हील हातानं उलटसुलट करत राहायचं. क्रँककेसचं दार उघडून सगळा चिखल काढा, जुन्या तेलात पाणी असणारच.

भोगावतीकाठ

पाइप कौलातून वरच उघडा होता, टोपी नव्हती. हेड काढलं. बोअर बरोबर साडेचार इंच भरलं. दारावर अक्षरं आहेत पण घासलेली, इंग्रजी 'के'सारखं काहीतरी वाटतं. किर्लोस्कर तर नसेल? आमचा चरक किर्लोस्करवाडीचा आहे असं आबा म्हणतात.

जुना_फिटर

चरक असू शकतो, तिथं चरक बनायचे. पण किर्लोस्करांचं शेतात सर्रास दिसणारं पाच अश्वशक्तीचं इंजिन १५०० फेऱ्यांचं, अंगानं आटोपशीर. तुमच्या वर्णनातली मोठी आऱ्यांची फ्लायव्हील ६५० वाल्याचीच. एका अक्षरावरून ठरवू नका, दाराचा फोटो टाका.

आणि पिस्टन सुटला तरी लगेच हँडल मारू नका. प्रत्येक आरा नि मधला गड्डा घासून स्वच्छ करा आणि बारीक हातोडीनं वाजवा. टणटणीत वाजला पाहिजे, भद्द वाजला तर तडा शोधा. तडा गेलेलं फ्लायव्हील फिरवायचंच नाही, फुटलं तर तुकडा भिंत फोडून जातो. इंधन पंपाचा रॅक (डिझेल कमीजास्त करणारी दांडी) हातानं मोकळा सरकतो का तेही बघा. तो फुल डिझेलवर अडकलेला असला तर इंजिन सुरू होताच सुसाट सुटेल.

भोगावतीकाठ

रॅक अडकलेलाच आहे, रॉकेलमध्ये बुडवून ठेवलाय. पिस्टन अजून बसूनच आहे. दादानं भंगारवाल्याला पुढच्या बाजाराला या म्हणून सांगितलं, तेवढी सवड मिळाली. हेडचं तांब्याचं गॅस्केट उद्यमनगरात तयार मिळेल की जुनं तापवून मऊ करून परत घालता येईल?

चुलव्या

चेपलं-फाटलं नसेल तर चालेल. लालभडक तापवा, पाण्यात टाका, काजळी पुसून बसवा. हेडचे नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत या.