शब्दचर्चा: परदेशात माणूस ‘सेटल’ होतो, रुळतो की रमतो?

सातरस्ता:
सोलापुरातून जर्मनीला कामासाठी जाणाऱ्यांकरता चार पानी मराठी माहितीपत्रक करायचं आहे. पहिल्या तीन महिन्यांतलं घर, कागदपत्रं, स्वयंपाक, शेजार एवढं त्यात यावं. मथळ्यात ‘अ‍ॅडजस्टमेंट’ नको. ‘समायोजन’ कसं वाटतं? की ‘रुळणे’, ‘सरावणे’, ‘स्थिरावणे’ यातलं काही? तिथले जे शब्द रोज कानावर पडतात त्यांना मराठी काय लावायचं, तेही सांगा.

खलबत्ता:
‘समायोजन’ नको हो. अतिरिक्त शिक्षकांची यादी लागल्यासारखं वाटतं. आणि ‘अ‍ॅडजस्ट’ आपल्याकडे एस.टी.च्या बाकड्यावर कायमचा जाऊन बसलाय. ‘जरा अ‍ॅडजस्ट करा की मालक’ म्हणजे तिघांच्या जागेत चौथ्याला टेकू द्या. परदेशी गेलेला माणूस तो चौथा असतो. त्याला सरकायचं नसतं, टेकायचं असतं.

जुनी_गिरणी:
एकच शब्द शोधलात तर सापडणार नाही, कारण मराठीत बसतंय काय त्यावर क्रियापद ठरतं. हवापाणी मानवतं. हात सरावतो. रीत अंगवळणी पडते. बिऱ्हाड थाटलं जातं. मन रमतं. आणि हे बरंचसं झाल्यावर माणूस रुळतो.

व्याकरणही बघा. ‘मला तिथलं पाणी मानवलं’ यात कर्ता पाणी आहे, माणूस बिचारा चतुर्थीत. म्हणजे इथं माणसाचं फारसं काही चालत नाही, वाट बघायची. ‘तो सरावला’ यात कर्ता माणूस, म्हणजे मेहनत त्याची. ‘मला करमत नाही’ यात तर कर्ताच नाही. कशामुळे करमत नाही हे सांगता येत नाही, म्हणून भाषेनं ती जागाच रिकामी ठेवलीय. पत्रकाचे भाग या क्रियापदांवरच पाडा. काय आपोआप होईल आणि काय करावं लागेल, हे वाचणाऱ्याला मथळ्यावरूनच कळेल.

हुरडा:
रुळणे म्हणजे गाडी रुळावर येणे, तेच ना?

जुनी_गिरणी:
नाही. रेल्वे इथं १८५३ साली आली. ‘रुळे माळ कंठी वैजयंती’ हे तुकोबांचं, त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. तिथं माळ गळ्यावर लोळते आहे. केस खांद्यावर रुळतात ते तेच. पायाखाली येऊन येऊन वाट रुळते, आणि त्याच अर्थानं माणूस कामात किंवा गावात रुळतो. घासून घासून गुळगुळीत होणं आहे त्यात. लोखंडी रूळ हा वेगळा शब्द. त्यावरून ‘रुळावर येणे’ म्हणजे बिघडलेलं पूर्ववत होणे. परदेशी गेलेल्याचं काही बिघडलेलं नसतं.

गंमत अशी की आपले यातले बरेच शब्द वाटेवरचे आहेत. रुळलेली वाट, वहिवाट, वळण, अंगवळणी. जर्मनांचे घरातले. त्यांच्याकडे ‘वोनेन’ म्हणजे राहणे आणि ‘गेव्योनेन’ म्हणजे सवय होणे, दोन्ही एकाच मुळाचे. मूल बालवाडीत रुळतं त्याला ते ‘आइनगेव्योनुंग’ म्हणतात, नव्या ठिकाणी गेलेल्या मोठ्या माणसालाही तोच शब्द चालतो.

बिऱ्हाडकरू:
मग बिऱ्हाडापासून सुरू करू. इथं शब्द चुकला की पैसे जातात.

‘काल्टमीटं’ म्हणजे शब्दशः थंड भाडं, ‘वार्ममीटं’ गरम भाडं. तसंच भाषांतर केलंत तर लोकांना वाटेल हिवाळ्यात भाडं वाढतं. पहिलं ‘निव्वळ भाडं’: फक्त जागेचं. दुसरं ‘खर्चासह भाडं’: त्यात खोल्या तापवणं, पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट हे साधारणपणे येतं. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्यातही नसतं, ते वेगळं. जाहिरातीतला आकडा यातला कोणता, हे आधी विचारायचं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्याइतकी घेता येते आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला आहे. अनामतीला ‘पागडी’ म्हणू नका, ती गोष्ट वेगळी.

‘आनमेल्डुंग’ला नुसतं ‘नोंदणी’ म्हटलं तर कशाची ते कळत नाही. ‘पत्तानोंद’ म्हणा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात जाऊन करायची. पासपोर्ट, अर्ज आणि घरमालकाची सही असलेला ‘हा इथं राहायला आला’ असा दाखला लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही, लोक इथंच अडकतात. वेळ बऱ्याच शहरांत आधी घ्यावी लागते आणि ती दोन आठवड्यांत मिळतेच असं नाही. म्हणून वेळ लगेच मागून ठेवायची आणि मागितल्याचा कागद जपायचा.

त्याहून मोठी चूक पाटीची. तिथल्या इमारतींत बहुधा फ्लॅट नंबर पत्त्यात नसतो. पोस्टमन घंटेवरचं आणि पत्रपेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. आपल्याकडं ‘अशोक चौकात कुणालाही विचारा’ चालतं, तिथं पेटीवर नाव नसेल तर पत्र परत. पत्तानोंदीनंतर करक्रमांक पोस्टानंच येतो. तो मालकाकडं, म्हणजे नोकरीच्या मालकाकडं, पोचला नाही तर पगारातून सगळ्यात चढ्या, सहाव्या वर्गानं कर कापला जाऊ शकतो. नंतर परत मिळतो, पण पहिल्या महिन्यात नेमकी त्याच पैशांची गरज असते. तेव्हा आत गेल्या गेल्या पहिलं काम: पेटीवर नाव, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगनं.

सातरस्ता:
‘पत्तानोंद’ घेतला. ‘मानवणे’खाली काय टाकू?

खलबत्ता:
पाणी. ‘पाणी लागलं’ म्हणजे बाधलं आणि ‘पाणी मानवलं’ म्हणजे सोसलं, हे दोन्ही वाक्प्रचार द्या. नळाचं पाणी तिथं थेट पिता येतं, पण बऱ्याच भागांत ते जड असतं, म्हणजे त्यात क्षार जास्त. जडपणाचं मोजमाप जर्मन अंशांत, १४ अंशांच्या वर गेलं की पाणी जड. आपल्या बोअरच्या पाण्यासारखाच किटलीत पांढरा थर धरतो. तो काढायला सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपलं लिंबूफूल, थंड पाण्यात घालायचं आणि अर्धा तास तसंच ठेवायचं. उकळायचं नाही. उकळलं तर दुसराच क्षार तयार होऊन तो आणखी घट्ट बसतो. व्हिनेगरही चालतं, वास सोसत असेल तर.

खाण्याचं: तूप, पेढे, खवा, पनीर, मांस यातलं काहीही भारतातून बॅगेत नेता येत नाही, युरोपीय संघाची मनाई आहे. कढीपत्त्याच्या ताज्या डहाळ्याही राहू द्या, वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय त्या अडतात. शेंगाचटणीला यातलं काही लागू नाही. पण तेल सुटतं, म्हणून दुहेरी पिशवीत आणि मोठ्या बॅगेत.

हुरडा:
कडक भाकरी न्या की. प्रश्नच मिटला.

खलबत्ता:
नेल्या तरी महिनाभरात संपतात. पुढं ज्वारीचं पीठ भारतीय किंवा आफ्रिकी दुकानात, पाकिटावर ‘सोर्गम’ बघायचं. अडचण शेगडीची. काचेच्या शेगडीवर ज्वाळा नाही, म्हणून भाकरी थेट आचेवर फुगत नाही. तव्यावरच उलटून फडक्यानं कडा दाबत शेकायची. शेगडी इंडक्शनची असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. घरून निघण्याआधी बुडाला लोहचुंबक लावून बघायचं, चिकटला तर न्यायचा. लोखंडी तवा चालतो, बूड सपाट हवं आणि काचेवर ओढायचा नाही, उचलून ठेवायचा. मिक्सर जर्मनीत चालतो, तिथंही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे. फक्त आपली तीन गोल पिनांची प्लग बसत नाही, अडॅप्टर लागतो. अमेरिकेला जाणाऱ्यानं मात्र हे वाक्य वाचून मिक्सर नेऊ नये, तिथं १२० व्होल्ट.

याला ‘भागवणे’ म्हणतात. जुळवून घेणे वेगळं. भागवणाऱ्याला मूळ वस्तू अजून आठवत असते.

ताई_विजापूररोड:
‘श्टोसल्युफ्टन’ला मराठी सुचवा कुणीतरी. ‘वायुवीजन’ म्हटलं तर कोणी खिडकी उघडणार नाही.

जुनी_गिरणी:
‘हवा खेळवणे’. खेळती हवा आपण म्हणतोच. पण त्यातला ‘श्टोस’, म्हणजे धक्का, सुटायला नको: ‘झटक्यात हवा खेळवणे’. दिवसातून दोन-तीनदा, खिडकी पूर्ण उघडून, हिवाळ्यात पाच ते दहा मिनिटं. तेवढ्यापुरता हीटर बंद. खिडकी दिवसभर तिरकी किलकिली ठेवणं हे बरोबर नाही, त्यानं हवा पुरती बदलत नाही आणि खिडकीशेजारची भिंत गार पडते.

हे सोलापूरकराला सगळ्यात अवघड जातं, कारण आपली सवय नेमकी उलटी आहे. मे महिन्यात बेचाळीस अंशांत आपण दुपारी खिडक्या मिटून बसतो, आणि इथली हवा कोरडी म्हणून घरात ओल राहत नाही. तिथं वरणाची वाफ, अंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे यांचं पाणी बाहेर जायला वाट नसते. गार बाह्यभिंतीवर ते जमतं. आधी काच घामेजते, मग कपाटामागचा कोपरा ओल धरतो, मग कुबट वास, मग काळी बुरशी. त्या क्रमानंच शब्द द्या पत्रकात: घामेजणे, ओल धरणे, कुबट, बुरशी. कुबट वास येईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो, आणि रंगकामाचा खर्च अनामतीतून मागितला जाऊ शकतो. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटीमीटर सुटं ठेवायचं. आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, साठ टक्क्यांच्या वर काटा राहत असेल तर खिडकी.

हुरडा:
‘फांड’ म्हणजे फंड का?

बिऱ्हाडकरू:
बाटलीची अनामत. सोडावॉटरची बाटली परत द्या आणि डिपॉझिट न्या, तीच पद्धत. एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटलीला आणि पेयाच्या डब्याला (कॅनला) २५ सेंट, परत भरायच्या बाटल्यांना बहुधा ८ किंवा १५. चूक कुठं होते ते लिहा: आपल्याकडं पाण्याच्या बाटलीवर ‘वापरानंतर चिरडा’ असं छापलेलं असतं आणि माणूस सवयीनं चिरडतो. तिथल्या यंत्राला बारकोडची पट्टी आणि अनामतीची खूण वाचता आली पाहिजे. चेपलेली बाटली ते परत ढकलतं.

ताई_विजापूररोड:
आणि ‘रूहेत्साइट’? मी ‘शांतवेळ’ म्हणत होते.

खलबत्ता:
‘निजानीज’ हा तयार शब्द आहे की! साधारण रात्री दहा ते सकाळी सहा, आणि रविवार पूर्ण दिवस.

जुनी_गिरणी:
रविवार त्यात बसत नाही. दुपारी बारा वाजता निजानीज कशी? रात्रीसाठी ‘निजानीज’, रविवारसाठी ताईंची ‘शांतवेळ’. रविवारी भिंतीला ड्रिल नको, काचेच्या बाटल्या डब्यात टाकणं नको, आणि आपल्यापुरतं वेगळं लिहा: खलबत्त्यात चटणी कुटणं नको. लाकडी जमिनीवरून तो दणका खालच्या मजल्यावर जातो. दुकानं बहुतेक बंद, किराणा शनिवारीच.

एका ठिकाणी मात्र मराठी आयती पुरते. ‘झी’ म्हणजे तुम्ही आणि ‘दू’ म्हणजे तू. त्यांच्याकडं त्यावरून क्रियापदं आहेत, ‘झीत्सन’ आणि ‘दूत्सन’. आपल्याकडं अहो-जाहो करणे आणि अरे-तुरे करणे. ‘यू’वाल्या इंग्रजीतून गेलेला माणूस इथं अडखळतो, मराठीतून गेलेला नाही. नियम एवढाच की अरे-तुरेवर येऊ या हे वयानं किंवा हुद्द्यानं मोठ्यानं म्हणायचं. कार्यालयात, डॉक्टरकडं, शेजाऱ्यांशी सुरुवात अहो-जाहोनं.

हुरडा:
आणि आपलं सोलापुरी ‘बे’?

खलबत्ता:
‘काय करलालास बे’, म्हणजे काय करतोयस रे, हे फक्त घरी फोनवर. पण त्या ‘लाल’चा उपयोग आहे. ‘रुळलो’ म्हणजे झालं, ‘रुळलालोय’ म्हणजे चाललंय. पहिल्या तीन महिन्यांच्या पत्रकाला दुसरंच खरं.

सातरस्ता:
मग भाग असे धरतो: काय मानवेल, हात कुठं सरावेल, काय अंगवळणी पाडायचं, कुठं भागवायचं. मथळा ‘रुळताना’. ‘करमत नाही’चं काय करू? त्यासाठी करायच्या गोष्टींची यादी देता येत नाही.

ताई_विजापूररोड:
यादी नको. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, तिथं पाचच्या सुमारास अंधार पडतो एवढं छापा. संक्रांतीला घरून नंदीध्वजांचे व्हिडिओ येतील तेव्हा इकडं रात्रीचे आठ आणि तिकडं दुपारचे साडेतीन. हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर, मार्चअखेरपासून साडेतीन.

हुरडा:
‘रुळताना’ छान आहे. पण खाली छोट्या अक्षरांत ‘रेल्वेशी संबंध नाही’ टाका.