मदत हवी आहे: ढोल्या गणपतीची मागची निमुळती भिंत लेगोत जुळत नाही

घाटावरचा, सातारा

नमस्कार मंडळी. वाईच्या ढोल्या गणपतीचे देऊळ आणि समोरच्या घाटाचा तुकडा लेगोत करायला घेतला आहे. तयार संच नाही, स्वतःचेच डिझाइन. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ १७६२ साली बांधले. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, म्हणजे कृष्णेला पूर आला की पाणी तिथे दुभागून दोन्ही अंगांनी निघून जाते. या देवळाची खरी ओळख तीच, त्यामुळे मॉडेलमध्ये तिला बगल देणे मला पटत नाही. आणि गाडी नेमकी तिथेच अडली आहे.

आत्ताची स्थिती अशी. ४८×४८ स्टडची बेसप्लेट, म्हणजे तळाची पातळ पाटी (स्टड म्हणजे तुकड्यावरचा गोल उंचवटा). देवळाचे अंग २४ स्टड रुंद. २४ ला मधला स्टड नसतो, म्हणून टोक जंपर प्लेटवर (मध्यावर एकच स्टड असलेल्या प्लेटवर) बरोबर मध्यात घेतले आणि मागच्या ओळीपासून १६ स्टड लांब ठेवले. ३-४-५ चा त्रिकोण चौपट केला की १२-१६-२०, म्हणून तिरक्या भिंती २० च्या धरल्या. भिंतीखाली टाइल, म्हणजे वर स्टड नसलेले गुळगुळीत तुकडे आहेत. कोपऱ्यांना ३८३० आणि ३८३१ या क्रमांकांच्या बिजागरीच्या विटा लावल्या.

चार-पाच थर नीट बसतात. त्यानंतर टोकाजवळच्या विटा उचकटू लागतात आणि दोन्ही भिंतींना बाहेरून पोट येते. दाबून बसवल्या तर रात्रीतून पुन्हा उघडतात. नेमके काय चुकते आहे? काळ्या पाषाणाचा रंग कसा साधावा आणि हे सगळे उचलून दुसऱ्या खोलीत कसे न्यावे, तेही सांगा.

अर्धास्टड

आधी एक सांगा. २० म्हणजे भिंतीतल्या स्टडची संख्या, की पहिल्या स्टडच्या मध्यापासून शेवटच्या स्टडच्या मध्यापर्यंतचे अंतर? ३-४-५ चा हिशोब मध्यापासून मध्यापर्यंत चालतो. तुकडा त्याहून एक स्टड जास्त लागतो. बहुतेकांचे इथेच फसते.

घाटावरचा, सातारा

मध्यापासून मध्यापर्यंत २०. भिंत २१ स्टडची आहे.

अर्धास्टड

मग ती चूक नाही. पण दुसऱ्या दोन आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी त्रास देत आहेत.

पहिली रुंदीची. अंग २४ स्टड रुंद, म्हणजे दोन कोपऱ्यांच्या स्टडमधले अंतर २३ आणि त्याचे अर्धे ११.५. तुम्ही १२ धरलेत. ११.५ आणि १६ चा कर्ण १९.७० येतो, भिंत मात्र २० ची आहे. एक स्टड ८ मिमी, म्हणजे प्रत्येक भिंत जवळजवळ २.४ मिमी जास्त लांब झाली. तेवढ्या लांबीला जायला जागा नाही, म्हणून ती पोट काढते. सुरुवातीचे थर लवचीक असतात, ते सोसतात. थर वाढले की भिंत ताठ होते आणि सगळा जोर सांध्यांवर येतो.

यावर इलाज म्हणजे अंग २५ स्टडचे करा. कोपरा ते कोपरा २४, अर्धे बरोबर १२, आणि टोक सरळ तेराव्या स्टडच्या रेषेत येते. जंपरची गरजच उरत नाही. देवळाला मध्यरेषा असते, दार मध्यावर असते, शिखर मध्यावर असते. अशा बांधकामाला विषम रुंदीच घ्यावी.

दुसरी चूक कोनाची आहे आणि ती पटकन दिसत नाही. १२ आणि १६ घेतले की टोकाचा पूर्ण कोन ७३.७ अंश होतो. भिंतीला एक स्टडची जाडी आहे. फिरण्याच्या स्टडला लागून जी पहिली चौकोनी वीट येते, तिचा आतला कोपरा मध्यरेषेच्या पलीकडे साधारण ०.८ मिमी जातो. समोरच्या भिंतीचाही तेवढाच इकडे येतो. दोन विटा एकाच जागेवर हक्क सांगतात, मग थर उचकटणारच. टोकाचा कोन ९० अंशांहून मोठा असेल तर आतले कोपरे भिडत नाहीत, लहान असेल तर भिडतात. एवढे लक्षात ठेवलेत तरी पुढची सगळी तिरकी कामे सोपी होतील.

म्हणून माझा सल्ला ९-१२-१५. अर्धी रुंदी १२, टोक ९ स्टड मागे, भिंत मध्यापासून मध्यापर्यंत १५. टोकाचा कोन १०६ अंश आणि आतले कोपरे मध्यरेषेपासून ०.८ मिमी अलीकडेच थांबतात. ४८ च्या बेसवर घाटाला ७ ओळी जास्त मिळतात, तो फायदा वेगळा. टोक धारदारच हवे असेल तर १६ ठेवा, पण दोन्ही भिंतींत टोकालगतची पहिली चौकोनी वीट काढून तिथे १×१ गोल वीट घाला. अडचण एवढीच की ती बाहेरूनही गोल दिसते.

घाटावरचा, सातारा

९-१२-१५ घेतो. घाटाला जागा कमी पडतच होती. बिजागरीच्या विटा तशाच ठेवू का?

अर्धास्टड

काढा. ३८३०-३८३१ चा फिरण्याचा बिंदू स्टडच्या मध्यावर नसतो, त्यामुळे वरचा हिशोब बिघडतो. त्याऐवजी ३५४८० वापरा. ही १×२ ची, दोन्ही टोके गोल असलेली प्लेट. हिचे टोक स्टडभोवती मोकळे फिरते आणि शेजारच्या तुकड्याला अडत नाही.

रचना समजून घ्या. टोक आणि दोन कोपरे मिळून तीन उभे खांब. भिंतीची उंची १२ विटा, म्हणजे ३६ प्लेट, ११५.२ मिमी. तळाला २ प्लेट, मग ५ विटा, मध्ये २ प्लेट, पुन्हा ५ विटा, वर २ प्लेट. जिथे दोन प्लेटची जोडी आहे तिथे एक प्लेट एका भिंतीची आणि दुसरी शेजारच्या भिंतीची, दाराच्या बिजागरीची बोटे एकमेकांत बसतात तशी. मधल्या पाच-पाच विटांच्या उंचीत खांबाला १×१ गोल विटा, क्रमांक ३०६२.

दोन्ही तिरक्या भिंतींसाठी लागणारे सामान: १×४ विटा ६०, १×२ विटा २०, १×१२ प्लेट ६, १×१० प्लेट ६, १×४ प्लेट ६, गोल विटा ३०, आणि ३५४८० एकूण १८. या अठरांत अंगाच्या बाजूच्या भिंती खांबांना जोडणाऱ्या ६ धरल्या आहेत.

विटांच्या प्रत्येक थरात दोन खांबांच्या मध्ये १४ स्टड भरायचे. एका थरात ४-४-४-२, पुढच्यात २-४-४-४, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. प्लेटच्या थरांत, ज्या थरात या भिंतीच्या ३५४८० आहेत तिथे दोन्ही टोकांना एकेक ३५४८० आणि मध्ये १×१२. दुसऱ्या थरात १×१० आणि १×४. ३५४८० चे भिंतीतले टोकही गोल असल्याने तिथे बारीक खाच दिसते. दगडी भिंतीत ती खपून जाते.

तळाशी फक्त तीन स्टड उघडे हवेत, दोन कोपऱ्यांचे आणि टोकाचा. भिंत जिथून जाते ती सगळी पट्टी टाइलची. एक स्टड जरी चुकून उघडा राहिला तरी भिंत त्यावर चढते आणि पुन्हा तीच तक्रार सुरू होते.

आतली पोकळी भरणार असाल किंवा वर छत घालणार असाल तर कोपऱ्यांच्या ओळीला शून्य धरा आणि टोकाकडे मोजत जा. शून्याच्या ओळीत २१ स्टड मावतात. पुढे पहिल्या ओळीत १७, मग १५, १३, ९, ७, ५ आणि सातव्या ओळीत १. आठव्यात काही मावत नाही. सगळे मध्यरेषेवर समान वाटलेले. शून्याच्या ओळीतले २१, तिसरीतले १३ आणि सहावीतले ५ भिंतीला अगदी टेकतात. घट्ट वाटले तर १९, ११ आणि ३ करा. आतला भराव भिंतीला कुठेही जोडू नका. तो तळाच्या स्टडवर सरळ उभा राहू दे, भिंत त्याच्याभोवती स्वतंत्र उभी राहते. छताची दातेरी कड लपवायला भिंतीचा माथा छतापेक्षा एक-दोन प्लेट उंच ठेवा.

मिरजवाली

रंगाबद्दल लिहिते. काळा पाषाण आहे म्हणून काळ्या विटा घेऊ नका. काळ्यात सावल्या दिसत नाहीत, सगळी नक्षी बुडते आणि फोटोत नुसता ठोकळा येतो. मुख्य रंग गडद करडा घ्या. दर दहा विटांमागे सात गडद करड्या, दोन फिकट करड्या आणि एक गडद मातकट, म्हणजे ब्रिकलिंकवरचा (लेगोच्या सुट्या तुकड्यांच्या ऑनलाइन बाजारातला) डार्क टॅन. पाण्याच्या रेषेजवळ मातकट वाढवा, वर कमी करा. पुराच्या गाळाची खूण आपोआप उमटते. नदीकाठी राहणाऱ्या कोणालाही ती चटकन ओळखू येईल.

जुना लॉट विकत घेत असाल तर जपा. लेगोने २००४ च्या सुमाराला दोन्ही करडे रंग बदलले. आधीचे करडे किंचित पिवळट, नंतरचे निळसर. दिव्याखाली सारखे वाटतात, खिडकीजवळ नेले की फरक डोळ्यांत येतो. एका भिंतीत दोन्ही मिसळले की ती भिंत डागाळलेली दिसते. जुने करडे फेकायचे नाहीत, आतल्या भरावात घालायचे.

दगडाच्या पोतासाठी ९८२८३, म्हणजे चिऱ्यांच्या रेघा असलेली १×२ वीट. अर्धास्टड यांच्या हिशोबातल्या एका १×४ च्या जागी या दोन बसतात. पण एक-तृतीयांशापेक्षा जास्त वापरू नका. सगळीकडे लावली की तिची पुनरावृत्ती दिसते. आणि विखरून लावा, दोन-तीनचे पुंजके करा, मध्ये सपाट जागा सोडा.

दारासाठी तपकिरी तुकडे घ्याल ते शक्यतो नव्या संचांतले घ्या. जुने लालसर तपकिरी आणि गडद लाल तुकडे ठिसूळ निघतात, विशेषतः क्लिप असलेले. काढताना कड तुटते.

कोरेगावकर

उचलण्याच्या प्रश्नाकडे येतो. बेसप्लेट पातळ असते आणि तिच्या खालून काहीच जोडता येत नाही. एका बाजूने उचलली की वाकते आणि तुमचे तीन खांब आधी सुटतात. तिच्याऐवजी १६×१६ च्या ९ प्लेट घ्या, क्रमांक ९१४०५. जिथे दोन प्लेट मिळतात त्या रेषांखाली २×४ विटा, एकाआड एक लावल्या तरी चालतात, साधारण २५ पुरतात. चार प्लेट जिथे मिळतात त्या चारही जागी मात्र वीट हवीच. प्रत्येक प्लेटच्या मध्याखाली तेवढ्याच उंचीचे २×२ चे चार पाय. हे सगळे ४० सेंमी चौरस, १२ मिमी जाडीच्या प्लायवूडवर. ४८ स्टड म्हणजे ३८.४ सेंमी, कडेला बोटे घालायला थोडी जागा उरते. उचलताना नेहमी प्लायला धरायचे, प्लेटला नाही.

खरेदीआधी स्टुडिओ हा मोफत प्रोग्रॅम उतरवून घ्या, त्यात भिंत बांधून पाहा आणि तुकड्यांची यादी तिथूनच ब्रिकलिंकच्या हव्या-यादीत चढवा. हाताने यादी केली की रंग चुकतात. विक्रेते देशानुसार गाळता येतात, आधी भारतातले पाहा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, शिवाय सीमाशुल्कही जबर, त्यामुळे परदेशी पार्सल अडकण्याची धास्ती राहते. एका विक्रेत्याकडे किमान किती रकमेची मागणी घेतात तेही आधी वाचा. ३५४८० च्या १८ प्लेटसाठी वेगळे पार्सल मागवणे परवडत नाही. ते तुकडे दुसऱ्या रंगात मिळत असतील तर चालतील, फक्त टोकावरच्या ६ रंगाला रंग हव्यात. कारण नजर तिथेच जाते.

दुसऱ्या कंपनीच्या विटा भरावात चालतात. खांबांत आणि ३५४८० च्या जोड्यांत नकोत. मापात बारीक फरक असतो, तो बारा थरांत साठत जातो आणि टोक एका बाजूला कलते.

घाटावरचा, सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. स्टुडिओत २५ रुंदीने आणि ९-१२-१५ ने भिंत बांधून पाहिली, कुठेही टक्कर दाखवत नाही. हाताशी असलेल्या मिश्र रंगांच्या विटांतून तळाच्या दोन प्लेट आणि पाच थर रचले, दोन दिवस तसेच ठेवले. पोट नाही, उचकटणे नाही. आता एकच शंका. घाटाच्या पायऱ्या एक स्टड खोल आणि दोन प्लेट उंच केल्या तर जिन्यासारख्या उभ्या दिसतात.

मिरजवाली

एक स्टडला एकच प्लेट चढवा. ८ मिमी पुढे, ३.२ मिमी वर. तीन स्टडमध्ये एक वीट उंची होते, म्हणजे १५ स्टड खोलीत पाच विटांची चढण बसते आणि घाट ऐसपैस दिसतो. खालून २ स्टड रुंदीच्या प्लेट एकमेकींवर अर्ध्या सरकवत न्या, उघड्या राहिलेल्या एका स्टडवर टाइल. सगळ्या टाइल १×४ घेऊ नका. १×२, १×३, १×६ मिसळा आणि सांधे एका ओळीत येऊ देऊ नका. पाण्यालगतच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर पारदर्शक टाइल लावा, खालची प्लेट गडद मातकट. पायरी पाण्याखाली गेलेली दिसते.

अर्धास्टड

आणि देऊळ खिडकीपासून लांब ठेवा. उन्हाने फिकट करडा आधी पिवळा पडतो. धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढायची. तुकडे सुटे करून धुवायचे झाले तर पाणी ४० अंशांच्या आत, साबण सौम्य, आणि वाळवायला पंख्याखाली पसरून ठेवायचे. हेअर ड्रायर नको, प्लेट वाकतात. पावसाळ्यात गोल विटांच्या पोकळीत पाणी लवकर सुकत नाही, म्हणून त्या फडक्यावर आडव्या ठेवून मधूनमधून फिरवत राहा.