आरएक्स १०० तिसऱ्यांदा जाम : पुन्हा बोर करावा की आधी दुसरं काही बघावं? सुटे भाग कुठं मिळतील?

तासगाव_टूस्ट्रोक
गाडी १९९३ ची यामाहा आरएक्स १००, एमएच १० पासिंग. मधे तीन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. चालू केल्यापासून वर्षभरात ब्लॉक (सिलिंडर) दोनदा बोर झाला, म्हणजे आतून कापून मोठा केला, आता पिस्टन ०.७५ ओव्हरसाइझचा आहे. तरी परत जाम झाली.

लक्षणं सांगतो. गार असताना दुसऱ्या किकला चालू होते. गरम झाली की रेस सोडली तरी इंजिनाचा आवाज लगेच उतरत नाही, चढाच राहतो. ५५-६० च्या वेगानं वीस-पंचवीस किलोमीटर गेलं की ताकद जाते आणि मागचं चाक घासायला लागतं. क्लच दाबून दहा मिनिटं थांबलं की किक पुन्हा सुटते. धूर पांढरट आणि दाट, गरम झाल्यावरही कमी होत नाही. टूटीच्या (पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टूस्ट्रोक ऑइलच्या) टाकीत ऑइल भरलेलं असतं.

मेस्त्री म्हणतात १.०० चा पिस्टन आणा, बोर करून देतो. करू का? आणि पिस्टन, सील वगैरे खात्रीचं कुठं मिळेल? टाकीतही गंज आहे.

मिरज_लेथ
बोर करू नका. ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० एवढ्याच पायऱ्या असतात. तुमच्याकडं एकच शिल्लक आहे. कारण न शोधता ती वापरली तर पुढच्या वेळी थेट लायनर (ब्लॉकमध्ये नवी बाही).

तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी एकत्र वाचा. रेस सोडल्यावर आवाज चढा राहतो म्हणजे कुठून तरी फुकटची हवा आत येते. दाट धूर कमी होत नाही म्हणजे टूटीखेरीज दुसरं ऑइल जळतंय. दोन्हीचा रस्ता क्रँकच्या (पिस्टनला जोडलेल्या फिरत्या शाफ्टच्या) ऑइल सीलकडं, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी कड्यांकडं जातो. टूस्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे पंपच असतो, पिस्टन वर गेला की आत ओढ तयार होते. मॅग्नेटच्या बाजूचं (डावं) सील गेलं तर हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो. क्लचच्या बाजूचं (उजवं) गेलं तर गिअर ऑइल ओढलं जातं आणि धूर होऊन बाहेर पडतं. तीन वर्षं उभ्या गाडीत सीलचं ओठ वाळून कडक होतं, क्रँकला चिकटतं आणि पहिल्याच किकांत फाटतं. बोर करणाऱ्यानं ब्लॉक उघडला, खालचं बघितलंच नाही.

तपासायला खर्च नाही. पहिलं, गिअर ऑइल मापाच्या भांड्यात काढा. या गाडीत बदलताना ६५० मिली भरतात. शेवटी कधी आणि किती भरलं ते आठवून तुलना करा, आणि वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर उजव्या सीलबद्दल शंका नको.

दुसरी प्रेशर टेस्ट. मेडिकलमधलं घड्याळाचं बीपी मशीन घ्या, पाऱ्याचं नको. पट्ट्यातून नळी काढायची. कार्बोरेटर उतरवून इनटेकच्या तोंडाला रबरी बूच, त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, त्याला ती नळी. सायलेन्सरच्या तोंडाला ट्यूबचं रबर ठेवून वर पट्टी कसा. ऑइल पंपाची नळी सुटी असेल तर तिचं भोकही बंद करा. प्लग जागेवर राहू द्या, पिस्टन खाली. रीड व्हॉल्व्ह (इनटेकमधली एकाच दिशेनं उघडणारी झडप) आत जाणारी हवा अडवत नाही, त्यामुळं इथूनच केस भरते. काटा ३०० वर न्या, म्हणजे साधारण ५.८ पीएसआय. यापेक्षा जास्त दाब देऊ नका, चांगलं सीलसुद्धा उलटतं. सहा मिनिटं काटा जवळजवळ तसाच राहायला हवा. पडला तर साबणाचं पाणी लावत फिरा : ब्लॉकखालचं पॅकिंग, रीडचं पॅकिंग, मॅग्नेटच्या मागं. उजवं सील बाहेरून दिसत नाही. त्यासाठी गिअर ऑइलचं झाकण काढून त्या भोकावर साबणाचा पडदा धरा, फुगला की समजा.

आणि पिस्टनचा फोटो टाका. ओरखडे कोणत्या बाजूला आहेत ते महत्त्वाचं.

कराड_पाना
लेथवाल्या भाऊंशी सहमत, फक्त वरची बाजूही सोडू नका.

ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर पातळ मिश्रण किंवा ऑइल कमी. चार कोपऱ्यांवर सारखे असतील तर बोरच घट्ट ठेवलाय. कार्बोरेटरच्या बाजूला बारीक रेघा असतील तर धूळ. या वयाच्या गाडीत एअर फिल्टरचा फोम बोटानं दाबला तरी पिठासारखा सुटतो, बघून घ्या.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. ही गाडी १९८५ ते १९९६ या काळातली, तिचे जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची मापाची भोकं) साध्या पेट्रोलसाठी ठरवलेले. पेट्रोल जाळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. २० टक्के मिसळलं की गणित साडेतेराच्या आसपास येतं, म्हणजे तोच जेट आता थोडा पातळ चालतो. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीच्या मुळावर, असा प्रकार आहे. एकट्या इथेनॉलनं इंजिन जाम होत नाही, पण सील गळत असेल तर उरलीसुरली सूट संपते. सील बदलल्यावर प्लगचा रंग बघा. फिका पांढरा आला तर मेन जेट एक पायरी मोठा. चहाच्या रंगाचा आला तर हात लावू नका. आणि प्लगचा नंबर मनानं बदलू नका. एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, काही कंपन्यांत उलटं असतं.

टूटीचा पंप मी असतो तर बंदच केला असता. थेट पेट्रोलमध्ये लिटरला ३० मिली, विषय संपला.

मिरज_लेथ
पंप बंद करण्याला माझा विरोध. पंप रेसप्रमाणे ऑइल देतो. मिसळून टाकलं की उतारावर रेस बंद असताना पेट्रोलही नाही आणि ऑइलही नाही. पंप सहसा बिघडत नाही, त्यात हवा अडकते. टाकी एकदा रिकामी झाली की हवा आत जाते आणि नंतर टाकी भरलेली दिसते पण ऑइल पोचत नाही. पंपावरचा हवा काढायचा छोटा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून नुसतं ऑइल यायला लागलं की बंद करा, वॉशर नवा. मग केबलची खूण पुलीवरच्या खुणेशी जुळवा. नव्या बोरवर पहिल्या दोन टाक्या पंप चालू ठेवूनच पेट्रोलमध्ये लिटरला १५ मिली टूटी जादा टाकायचं. टूटी घ्यायचं ते डब्यावर जेएएसओ एफसी किंवा एफडी हा दर्जा लिहिलेलंच.

तासगाव_टूस्ट्रोक
दोघांचे आभार. केलं सगळं. गिअर ऑइल ६५० भरलेलं, निघालं ४३०, आणि पेट्रोलचा वास आहे. बीपी मशीनचा काटा ३०० वरून मिनिटभरात १२० वर. मॅग्नेटच्या मागं बुडबुडे, गिअर ऑइलच्या भोकावरचा पडदाही फुगला. ओरखडे सायलेन्सरच्या बाजूला. आता इंजिन पूर्ण खोलायचं ठरवलंय. काय काय आणू?

मिरज_लेथ
मग दोन्ही सील गेलेत. इंजिन खोललंच आहे तर हे एकदाच करा : क्रँकची दोन्ही सील, दोन्ही बेअरिंग, किक आणि गिअर शाफ्टची सील, सगळी पॅकिंग, पिस्टन पिनची सर्क्लिप (जुनी परत कधीच नाही).

दुकानात ‘आरएक्सचं सील द्या’ म्हणू नका. जुन्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी हे तीन आकडे कोरलेले असतात. झिजले असतील तर व्हर्नियरनं शाफ्ट आणि घर मोजा. तेच माप चांगल्या कंपनीच्या सीलमध्ये बेअरिंगच्या दुकानात मिळतं, गाडीचं नाव घ्यायची गरजच नाही. बेअरिंगचंही तसंच, नंबर बेअरिंगवरच असतो. फक्त नंबरच्या शेवटी सी-३ असलेलंच घ्या. आतली फट जरा जास्त असते ती गरम झाल्यावर लागते. साधं बसवलं तर क्रँक गरम झाल्यावर जड फिरेल. सील बसवताना स्प्रिंगची बाजू क्रँककडं, ओठाला ग्रीस.

क्रँक बाहेर आला की कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक आडवं हलवून बघा. एक मिलिमीटरच्या आसपास हालचाल चालते, दोनच्या पुढं गेली तर रॉड किट घाला. किट घातल्यावर क्रँक दोन सेंटरमध्ये धरून डायल (वाकडेपणा मोजायचं घड्याळ) लावायलाच सांगा, ०.०३ मिमीच्या आत आला पाहिजे. ‘हातानं बघितलं, सरळ आहे’ हे ऐकून घेऊ नका. वाकडा क्रँक नवं सील महिन्यात खातो.

मॅग्नेट पुलरनंच काढा. हातोडीनं क्रँक वाकतो.

आता बोर. ब्लॉक आधी मोजून घ्या, वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांना, बोअर गेजनं. व्हर्नियरनं हे माप निघत नाही. ओरखडे हलके असतील आणि ब्लॉक मापात असेल तर नुसता होन करून (दगडानं आतून हलकं घासून) त्याच ०.७५ मध्ये नवा पिस्टन चालतो, १.०० वाचतो. बोर करायचाच झाला तर पिस्टन आधी आणा आणि ब्लॉकबरोबर लेथवाल्याला द्या. पाकिटावर ५१.०० लिहिलंय म्हणून पिस्टन ५१.०० नसतो. स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या घेराच्या) खालच्या कडेपासून १० मिमी वर, पिनच्या काटकोनात मायक्रोमीटरनं मोजायचं, त्यात ०.०३ ते ०.०४ मिमी मिळवून बोर. तुमचे आधीचे दोन बोर पाकिटावरचा आकडा बघून झाले असतील तर नवल नाही. बोर झाल्यावर पोर्टच्या (ब्लॉकच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) कडा बारीक दगडानं मोडून घ्या, नाहीतर रिंग अडकून तुटते. रिंग एकटी ब्लॉकमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फिलर गेजनं बघा, ०.१५ ते ०.३५ मिमी ठीक. रिंगची टोकं खाचेतल्या पिनवर, पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडं.

सातारा_११
सुटे भाग कुठं, हे राहिलंच. बेअरिंग, सील, केबल, ब्रेक शू, चेन सांगली-मिरजेतच घ्या. चेन ४२८, जुन्या चेनच्या कड्या मोजून. क्रँकचं काम आणि लायनर यासाठी कोल्हापूरचं उद्यमनगर. फाउंड्री आणि लेथचं गाव असल्यानं एका गल्लीत नाही जमलं तर पुढच्या गल्लीत जमतं. पिस्टन किट, क्लच प्लेट, रीडच्या पात्या यासाठी पुण्यात नाना पेठ. तिथं नसलं तर दिल्लीच्या करोल बागेतून कुरियरनं, पण पैसे देण्याआधी व्हर्नियर लावलेला फोटो मागायचा. जो देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही.

‘आरएक्स १३५ चं आहे, सेम टु सेम बसतं’ असं कोणी म्हणालं तर कोणता भाग ते बघा. १३५ चा बोर ५८ मिमी, तुमचा ५०. ब्लॉक-पिस्टनचा प्रश्नच नाही.

क्रँककेस फुटलेली निघाली तर भंगारातली आणायचा मोह आवरा. इंजिन नंबर केसवरच असतो. दुसऱ्याचा नंबर असलेली केस म्हणजे आरसीशी मेळ नाही, आणि चोरीच्या गाडीची निघाली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. शक्य असेल तिथं तीच केस वेल्डिंग करून घ्या, नाहीतर पक्कं बिल आणि आरटीओत नोंद.

कागदांवरून आठवलं, १९९३ ची नोंदणी म्हणजे २००८ ला पंधरा वर्षं संपली, पुढं दर पाच वर्षांनी नमुना २५ (नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज). २०२३ चं झालं नसेल तर इंजिनावर खर्च करायच्या आधी आरसी काढून बघा. पर्यावरण कर आणि एचएसआरपी प्लेटही लागेल.

कराड_पाना
टाकीचं मी सांगतो. कॉक काढून भोक बंद करा, लिटरला १०० ग्रॅम लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून टाकी गळ्यापर्यंत भरा, रात्रभर ठेवा. अर्धी भरली तर वरचा गंज तसाच राहतो आणि एक काळी रेघ उठते. सकाळी ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं खळबळा, साध्या पाण्यानं दोनदा, लगेच हेअर ड्रायरनं कोरडी करा आणि पावशेर टूटी फिरवून ठेवा. ओली ठेवली तर तासाभरात परत तांबडी होते. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका, गंजाबरोबर पत्राही जातो आणि सांध्यातून गळायला लागते.

तासगाव_टूस्ट्रोक
आरसी २०२८ पर्यंत आहे. ब्लॉक मोजून आणला : सगळ्यात जास्त फरक ०.०२, ओरखडे नखाला लागत नाहीत. पण पिस्टन घालून फट ०.०८ येते.

मिरज_लेथ
मग बोर नको. ती फट बरीचशी पिस्टनची झीज आहे. नवे ०.७५ चे दोन-तीन पिस्टन मायक्रोमीटरनं मोजून त्यातला मोठा निवडा, हलका होन, आणि फट ०.०४ च्या आसपास येते का बघा. ०.०५ च्या आत आली तर लावून टाका. जोडल्यावर गाडी चालू करण्याआधी बीपी मशीन परत लावायचं, मॅग्नेट बसवायच्या आधी.